आवळटोल्याचं लाल पाणी

माझ्या या हातांनी मी एका गावाचं चांगलं पाणी बंद केलं आणि वाईट पाणी सुरू केलं. त्या दिवशी गावानं माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला. हार घालणारी बाई हसत होती, मी हसत होतो, आणि नव्या हातपंपातून काचेसारखं स्वच्छ पाणी पडत होतं. ही गोष्ट नव्वदच्या दशकातल्या सुरुवातीच्या वर्षांतली. ती निस्तरायला पुढची दहा-अकरा वर्षं गेली. त्यातली बहुतेक वर्षं तर निस्तरण्यासारखं काही आहे, हेच मला ठाऊक नव्हतं.

मी शब्बीर. गोंडपिपरीला माझं पंप-पाइप दुरुस्तीचं दुकान होतं, आता पुतण्या चालवतो. जमिनीतलं पाणी वर काढायचं, गाळायचं आणि लोकांच्या तोटीपर्यंत पोचवायचं, एवढाच माझा धंदा. गावाला आपण आवळटोला म्हणू. खरं नाव सांगत नाही, तिथल्या मुलींची लग्नं अजून व्हायची आहेत.

आवळटोल्याचे दोन भाग. तलावाच्या पाळीखाली जुनी बस्ती, तिथं मासे धरणाऱ्या ढिवरांची आणि शेतकऱ्यांची घरं. तिथून चढ चढून गेलं की वरचा टोला. बस्तीत एक जुना हातपंप होता आणि त्याचं पाणी लाल. म्हणजे पंपातून पडताना साफच दिसायचं. गुंडीत, म्हणजे घागरीत भरून घरी नेलं, तासभर ठेवलं, की वर तेलकट साय आणि तळाला विटकरी गाळ. भात पिवळा पडे, धोतरं तांबूस होत, आणि चहा? चहाची पत्ती टाकली की पाणी शाईसारखं काळं. सोयरीक पाहायला आलेले पाहुणे कप पाहूनच उठायचे.

हे पाणी लाल का होतं, ते सांगतो. आमच्याकडच्या जमिनीत लोखंड भरपूर. ते पाण्यात साखरेसारखं विरघळलेलं असतं, म्हणून दिसत नाही. हवा लागली की त्याचा गंज होतो, आणि गंज दिसतो. एकदा वरोऱ्याचा एक कापूस व्यापारी माझ्याकडं जुन्या स्पीकरचा लोहचुंबक घेऊन आला होता. म्हणाला, "मिस्त्री, ह्याले माह्या टाकीत टांगून द्या. लोखंड चिपकून जाईन." मी म्हटलं, "शेठ, साखरेच्या पाण्यातून साखर चिमट्यानं काढता येते का?" त्यानं तरी चुंबक टांगलाच. महिन्याभरानं मला बोलावून दाखवला. चुंबकालाच गंज चढला होता!

तर आवळटोल्यात शंभर पावलांवर दुसरी, खूप खोल बोअर मारली गेली आणि तिला स्वच्छ, गोड पाणी लागलं. जुन्या पंपाचा सांगाडा काढून नव्या बोअरवर बसवायला मला बोलावलं. मी जुन्या बोअरच्या तोंडावर लोखंडी झाकण ठोकलं आणि नव्यावर पंप बसवला. पहिली ओंजळ पोचूबाईनं प्यायली. ती खालच्या बस्तीतली, तेव्हा पस्तिशीची. डोक्यावर मासोळ्यांची टोपली घेऊन बाजाराला पायी जायची, आणि मान अशी ताठ की टोपलीला हात लावायची गरज नसे. हार तिनंच घातला होता. "शब्बीरभाऊ, आता आमच्या घरी बी पाहुना चहा पिऊन जाईन!"

मी सायकलवर शीळ घालत घरी आलो.

मधल्या काळात त्या बोअरवर मोटर बसली, पाळीजवळ उंच चबुतऱ्यावर टाकी झाली आणि घरोघर नळ गेले. काम दुसऱ्यांनी केलं. माझं जाणं झालं ते एकदम दहाएक वर्षांनी. वरच्या टोल्यातल्या अंगणवाडीच्या सुमनबाईंनी निरोप पाठवला होता, नळाला पाणी चढत नाही म्हणून.

"मोठी तोटी लावून द्या ना भाऊ," त्या म्हणाल्या. "खालच्या बस्तीत तर धो धो पडते. आमच्या इथी करंगळीयेवढी धार."

मोठ्या तोटीनं काही होत नाही, हे मी आयुष्यभर सांगत आलो. पाण्याला अंगचा जोर नसतो, जोर येतो उंचीतून. टाकीतलं पाणी तुमच्या तोटीच्या जितकं वर, तितका दाब. खालची बस्ती टाकीच्या बरीच खाली, म्हणून तिथं तोटी हातातून उडेल असा मारा. वरचा टोला टाकीपेक्षा जेमतेम हातभर खाली. शिवाय खालच्या सगळ्या तोट्या उघड्या असल्या की पाणी तिकडंच पळतं. मी हे सांगत असताना सुमनबाईंच्या मुलीनं मला पाण्याचा ग्लास आणून दिला. वैशाली तिचं नाव, वय नऊ. मी तिला काहीतरी गमतीचं बोललो आणि ती हसली. हसताना तिनं तोंडावर हात धरला.

"हात काऊन धरतेस गं?"

ती आत पळाली. सुमनबाई म्हणाल्या, "दातायची लाज वाटते तिले. घासून घासून हिरड्यातून रक्त निघालं, पन दाग जात नाई. एकटी तिचेच नाई, भाऊ. माह्या अंगनवाडीतून गेलेली समदी पोट्टी पाहा."

मी शाळेत गेलो. गुरुजींच्या परवानगीनं पोरांना दात दाखवायला सांगितले. तपकिरी पट्टे, खडूसारखे ठिपके. मोठ्या वर्गातल्या थोराड पोरांचे दात मात्र बरे होते. म्हणजे नव्या पंपाच्या आधी ज्यांचे समोरचे पक्के दात हिरडीच्या आत तयार झाले होते, त्यांचे. हा हिशेब माझ्या डोक्यात अजून जुळला नव्हता. तो जुळला उतारावर.

समोरून एक म्हातारी काठी टेकत येत होती. मी "राम राम बाई" म्हटलं. तिनं माझ्याकडं पाहायला मान वळवली नाही. आख्खं शरीर वळवलं, बैलगाडी वळवतात तसं. आणि मी ओळखलं. पोचूबाई! पंचेचाळिशीची बाई पासष्टीची दिसत होती.

"शब्बीरभाऊ, कुठी होता येवढे साल?"

"मानेला काय झालं, बाई?"

"आखडली. कंबर बी आखडली. टोपली सुटली, बाजार सुटला. डाक्टर म्हन्ते वाताचं हाय."

चंद्रपूरला एका शिबिरात मी फ्लोराइड हा शब्द ऐकला होता. खोल खडकातून पाण्यात उतरतं, रंग नाही, वास नाही, चव नाही. थोडं असलं तर ठीक, जास्त झालं तर लेकरांचे दात आणि मोठ्यांची हाडं धरतं. उकळून जात नाही, फडक्यानं गाळून जात नाही. त्या दिवशी मी मागच्या बाकावर बसून ऐकलं आणि चहा प्यायला निघून गेलो होतो. आता उतारावर पोरांचे दात आणि पोचूबाईची मान यांचा हिशेब जुळला.

मी त्याच दिवशी दोन बाटल्या भरल्या. एक नळाची. दुसरीसाठी जुन्या बोअरचं झाकण छिन्नीनं तोडलं, दोरीला दगड आणि बाटली बांधून आत सोडली आणि लाल पाणी वर काढलं. दुसऱ्या सकाळच्या पहिल्या गाडीनं चंद्रपूर. प्रयोगशाळेत पाणी तपासणाऱ्या मॅडमनी दोन दिवसांनी कागद दिला आणि विचारलं, "ही स्वच्छ बाटली कुणी पितं का?"

"सगळं गाव पितं."

"बंद करा. फ्लोराइड मर्यादेच्या कितीतरी वर आहे. आणि ही लाल बाटली, हिच्यात लोखंड सोडून काही वाईट नाही. लोखंड काढता येतं."

मी दारात उभा राहिलो. कागद परत परत वाचला. एकीकडं छातीत दगड, आणि खोटं कशाला बोलू, दुसरीकडं एक उकळी. लोखंड काढता येतं! हे मला येतं!

गावात जाऊन सांगणं मात्र सोपं गेलं नाही. सरपंच नामदेवभाऊंनी शाळेच्या पटांगणात सभा घेतली. मी उभा राहिलो आणि सरळ सांगितलं, जुना पंप मी काढला, नवा मी बसवला, आणि नव्या पाण्यानं ही खराबी झाली.

"तवा तर तुमीच म्हन्लं, गोड पानी हाय," नामदेवभाऊ म्हणाले.

"म्हटलं होतं. चव घेऊन म्हटलं होतं. तपासून म्हटलं नव्हतं."

मागून एकजण ओरडला, "आता पुन्हा ते लाल पानी पाजता का? आमी जनावरायले नाई पाजत!" गलका झाला. कुणी म्हणालं, मिस्त्रीला नवं काम पाहिजे म्हणून सांगून राह्यला. तेवढ्यात पोचूबाई काठीवर उठली. गलका थांबायला वेळ लागला, पण थांबला.

"माह्या मानीले विचारा कोनतं पानी वाईट हाय," ती म्हणाली. मग पूर्ण शरीर वळवून माझ्याकडं पाहत, "लाल रंग काढून देशीन का? फक्त येवढं सांग."

"पंधरा दिवस द्या," मी म्हटलं.

ते पंधरा दिवस आजही आठवले की मला बसवत नाही! जुन्या बोअरमध्ये पाण्यात बुडणारी छोटी मोटर सोडली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत उपसलं, पाणी खचलं नाही. पहिली लढाई जिंकली. मग तीन डांबराचे रिकामे पिंप घासून, जाळून, धुऊन घेतले. पहिल्यात वरून पाणी सोडलं, खाली गिट्टी, म्हणजे खडी, आणि वाळू. तोटीतून आलं ते लालच! भोवती गर्दी होती. कुणीतरी म्हणालं, "पहिल्यापेक्षा जास्त लाल हाय, भाऊ." खरंच होतं, पूर्वी पंपातून पडताना निदान साफ तरी दिसायचं. गंज व्हायला वेळच दिला नव्हता मी. निम्मं लोखंड वाळूतून विरघळलेलंच निसटत होतं आणि बाहेर येऊन लाल होत होतं.

दोन रात्री मला झोप नाही. तिसऱ्या दिवशी घरी अब्बांच्या जुन्या चाळण्या दिसल्या. माझे अब्बा टिनाचं काम करायचे, चाळण्या, दिवे, डबे. पंचनं एकसारखी भोकं पाडण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. ती चाळणी पाहिली आणि मला डोळ्यासमोर पाऊस दिसला. पाण्याचे थेंब करायचे! थेंब केले की हवा सगळीकडून लागते!

पत्र्याच्या चार मोठ्या चाळण्या केल्या, एकीखाली एक टांगल्या, प्रत्येकीत गिट्टी. पाणी वरून रिमझिम पडत खाली यायचं आणि येता येताच तांबूस व्हायचं. मग दुसऱ्या पिंपात ते गप्प ठेवायचं, म्हणजे गंजाचा गाळ तळाला बसतो. मग तिसऱ्यात वाळू. वाळू चोंदली की खालून वर पाणी उलटं सोडून धुवायची, सगळा लाल चिखल वरून वाहून जातो. बस्स! एवढंच यंत्र! गाळायला ना वीज, ना औषध. मोटर फक्त वर चढवते आणि पाणी स्वतःच पडत पडत साफ होतं.

तोटी उघडली तेव्हा आलेलं पाणी साफ दिसलं, पण आता आवळटोल्यात साफ दिसण्यावर कुणी विश्वास ठेवणार नव्हतं. मीही ठेवणार नव्हतो. बाटली चंद्रपूरला गेली, कागद आला, लोखंड मर्यादेत आणि फ्लोराइडही. तरी गावासाठी वेगळी परीक्षा लागली, ती सुमनबाईंना सुचली. त्यांनी शाळेच्या व्हरांड्यात दोन स्टोव्ह मांडले. एका पातेल्यात जुन्या बोअरचं कच्चं पाणी, दुसऱ्यात गाळलेलं. दोन्हीत एकाच पुड्याची पत्ती. पहिलं पातेलं बघता बघता काळं. दुसरं उकळलं, आणि वर आला लालसर सोनेरी रंग, लग्नातल्या चहासारखा!

"मले दे," नामदेवभाऊ म्हणाले. बशीत ओतून प्यायले. सगळं पटांगण त्यांच्या मिशांकडं पाहत होतं. "अजून दे," ते म्हणाले, आणि असा गोंधळ उठला की मला माझाच आवाज ऐकू येईना.

ग्रामपंचायतीनं पिंपांच्या जागी सिमेंटची टाकी बांधून घेतली. चाळण्या मी जाड पत्र्याच्या नव्या केल्या. फ्लोराइडच्या खोल बोअरला तिथंच तोटी काढून, लाल रंग मारून 'पिऊ नये, कपडे धुण्यासाठी' लिहिलं. आता गाळलेलं पाणी मोटरनं पुन्हा उंच टाकीत चढवायचं आणि तिथून नळांना सोडायचं.

आणि इथं वरचा टोला आडवा आला. पहिल्या दिवशी खाली धो धो, वर टिपूस नाही. वरच्या टोल्यातल्या बाया काय करणार? गुंड्या घेऊन लाल रंग मारलेल्या बोअरकडं वळल्या. त्यांच्या तरी काय हातात होतं, लेकरांना पाणी तर पाहिजे. म्हणजे एवढं सगळं करून वरची मुलं तेच पाणी पिणार होती. वैशालीच्या पाठीवर एक लहान भाऊ होता, त्याला अजून दुधाचेच दात, पक्के यायचे होते.

उपाय मला माहीत होता. खालच्या प्रत्येक नळाच्या आधी, जोडाच्या आत, पितळेची चकती बसवायची, तिला मधोमध एक बारीक भोक. टाकीच्या जितकं खाली घर, तितकं भोक लहान. मग खालचं पाणी भडाभडा पळत नाही आणि वर चढायला उरतं. चकत्या मी अब्बांच्याच पंचनं कापल्या, भोकं ड्रिलनं. प्रत्येक नळाखाली लोटा धरून तो भरेपर्यंत आकडे मोजायचे, मग भोक थोडं वाढवायचं, पुन्हा मोजायचं. आठ दिवस मी फक्त आकडे मोजत होतो.

पण खालची बस्ती नाही म्हणाली. "माह्या नळाले बुच लावून राह्यले का?" एकानं दारात काठी आडवी धरली. "पानी आमच्या बस्तीतून निंगते, आमालेच कमी काऊन?" मी दाबाचं गणित सांगत राहिलो, पण गणित कुणाच्या कानात शिरत नव्हतं. शेवटी पोचूबाईनं अंगणातून हाक मारली, "भाऊ, माह्या नळाले लाव पहिले. सगळ्यात बारीक भोकाची लाव." तिचं घर सगळ्यात खाली होतं, त्यामुळं तसंही तिलाच सगळ्यात बारीक यायची. ते तिला ठाऊक नव्हतं, आणि मी त्या घडीला सांगितलं नाही. चकती बसली, तोटी उघडली, धार शांत पडली, गुंडी भरली. "हे काय कमी हाय?" तिनं काठीवाल्याला विचारलं. संध्याकाळपर्यंत निम्मी बस्ती झाली, तिसऱ्या दिवशी सगळी.

मग आला तो सकाळचा मुहूर्त. खालच्या सगळ्या तोट्या मुद्दाम उघड्या ठेवायला सांगितल्या. खरी परीक्षा तीच. नामदेवभाऊंनी टाकीचा व्हॉल्व्ह फिरवला आणि मी चढावर पळत सुटलो. वय पन्नासच्या आसपास, पण पळालो! माझ्यामागं अर्धं गाव. टोल्यात सुमनबाई तोटी उघडून उभ्या होत्या.

काही नाही. फुस्स नाही, टिपूस नाही.

"येते, येते," मी म्हटलं. दहा मिनिटं गेली. माझ्या मागं कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, "सांगलं होतं ना मी."

मी पाइपाच्या रेषेनं परत उतरत निघालो. पान्ह्यानं ठोकत, कान लावत. भरलेला पाइप भरीव वाजतो, रिकामा टणटण. मोहाच्या झाडापाशी पाइप एका खडकावरून उंच होऊन पुढं गेला होता. खडकाच्या खालच्या, टाकीकडच्या बाजूला भरीव, खडकावर टणटण. हवा! त्या उंचवट्यात हवा अडकून बसली होती आणि कमी दाबाच्या पाण्याला ती ढकलता येत नव्हती. मी जोड दोन आटे सैल केला. अशी शीळ वाजली की झाडावरचे पोपट उडाले! शीळ बारीक झाली, थुंकी उडाली, मग पाण्याचा फवारा माझ्या तोंडावर. मी जोड आवळेपर्यंत वरून आरोळी आली. सुमनबाईंचा आवाज होता, आणि त्यात शब्द नव्हते.

मी वर पोचलो तेव्हा वैशाली भावाला उचलून तोटीखाली धरत होती. तो रडत होता आणि सगळे हसत होते. लोक एकमेकांवर पाणी उडवत होते, आणि पाणी वाया घालवू नका म्हणून ओरडणारा मी, मीच चिंब झालो होतो.

पोचूबाई चढ चढून आली होती. तिला किती वेळ लागला असेल कोण जाणे. गर्दी बाजूला झाली. तिनं कमरेचा लोटा काढला, तोटीखाली धरला आणि मोठ्यानं मोजायला लागली. आठ दिवस मला मोजताना पाहिलं होतं तिनं. अठरावर लोटा भरला.

"खाली बी असाच भरते का?"

"तितकाच, बाई."

"तू म्हन्तोस." ती माझ्याकडं पाहत होती. "मंग चाल. पाहून येऊ."

माझ्या शब्दावर तिनं का विश्वास ठेवावा? आम्ही दोघं चढ उतरलो, तिच्या चालीनं. वाटेत मी तिला सांगितलं की मान आता सुटेल असं नाही, नवं पाणी जुनं हाड बदलत नाही, मला माफ कर. ती म्हणाली, "माहीत हाय. सुमनबाईनं सांगलं." तिच्या अंगणात पोचलो. तिनं नळाखाली लोटा धरला आणि मोजलं. सतरा, अठरा. लोटा अजून भरायचा होता. एकोणीस.

"एकाचा फरक हाय," ती म्हणाली.

मी पान्हा काढला. "चकतीचं भोक थोडं घासून देतो. पाच मिनिटाचं काम."

तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला आणि पान्हा खाली केला.

"राहू दे गा. वर लेकरं जास्त हायत."